केडगावचे मुक्तिसदन

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या माळावर पंडिता रमाबाईंनी १८९८ मध्ये मुक्तिसदनाची रीतसर स्थापना केली. देवाने नेमून दिलेले काम ओळखायचे आणि त्यातच आयुष्य घालवायचे, या ख्रिस्ती श्रद्धेने महाराष्ट्रात जे काही उभे केले, त्यात या संस्थेचे स्थान फार वरचे आहे. रमाबाईंना मात्र हे पाचारण एका क्षणात झाले नाही. ते टप्प्याटप्प्याने, बहुतेक वेळा संकटांच्या वाटेने त्यांच्यापर्यंत आले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून आधी पत्नीला आणि मग तिच्यामार्फत मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत देशभर फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे चारच वर्षांत त्या विधवा झाल्या, पदरी लहानगी मनोरमा होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथील ख्रिस्ती जोगिणींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. असे काम आपल्या देशात कोणी केलेले त्यांच्या पाहण्यात नव्हते. त्या दर्शनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची श्रद्धा पहिल्यापासून सेवेशी जोडलेली होती, ती अशी.

मायदेशी परतल्यावर मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. पैसा अमेरिकेतील मंडळीचा होता, तरी उच्चवर्णीय विधवांच्या या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेला वेगळीच धार आली. बाप्तिस्मा घेतला तरी ख्रिस्त आपल्याला तेव्हा खऱ्या अर्थाने भेटला नव्हता, असे त्या पुढे सांगत. त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, मुली आपणहून येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. शब्द मोडला गेला ही पुणेकरांची भावना खोटी नव्हती. पण आपला विश्वास दाराआड लपवणे रमाबाईंना शक्य नव्हते, हेही तितकेच खरे.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थनामेळाव्यास त्या गेल्या, तेव्हा त्यांच्याजवळ ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या १५ मुली होत्या. या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे २२५ मुली मिळाव्यात, असे त्यांनी देवाजवळ मागितले. इतक्या मुलींना ठेवायला तेव्हा ना जागा होती ना पैसा. त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आईवडिलांची उपासमार डोळ्यांनी पाहिलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुली-बायकांच्या तुकड्या घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. शारदा सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून केडगावला सुमारे १०० एकर जमीन आधीच घेतली होती आणि तिथे फळझाडे लावली होती. तिथेच तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर अशी वस्ती झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ती दोन हजारांच्या आसपास पोचली.

केडगावात नुसत्या अन्नवस्त्रावर भागत नसे. प्रत्येकीच्या हाताला काम असे. हातमाग, तेलघाणा, शिवण, शेती, गोठा, छापखाना, सारे बायकाच चालवत. अंध मुली बोटांनी वाचायला आणि टोपल्या विणायला शिकत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले आणि फुलहॅमला पाहिलेले काम केडगावी सुरू झाले. खर्चाच्या बाबतीत रमाबाईंनी ब्रिस्टलच्या अनाथालयाचे चालक जॉर्ज म्यूलर यांचा कित्ता गिरवला: गरज देवापुढे मांडायची, माणसांपुढे हात पसरायचा नाही. जून १९०५ मध्ये येथे आध्यात्मिक जागृतीची लाट आली. पापाची जाणीव होऊन मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करत. मग त्यांची पथके आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागली.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम अंगावर घेतले. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांचे मत होते. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आश्रमातल्या बायकांनीच खिळे जुळवले, मुद्रिते तपासली, छपाई केली. काही वर्षांपूर्वी दुष्काळातून अस्थिपंजर अवस्थेत आलेल्या मुलींच्या हातून हे घडले, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्था त्यांच्या हाती सोपवायची हा बेत त्यामुळे फसला. तरीही रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी केडगावची संस्था आजही काम करते.