लोहाऱ्याची न झालेली खाण

चंद्रपूरहून मूलकडे निघाले की शहर मागे पडते न पडते तोच साग-बांबूचे जंगल सुरू होते. त्याच वाटेवर लोहारा हे गाव आहे. या परिसराच्या पोटात सुमारे १७ कोटी टन कोळसा आहे. २००७ साली तो कागदोपत्री एका वीज कंपनीच्या वाट्याला आला आणि २०१० साली कागदोपत्रीच तिच्या हातून गेला. मधल्या काळात तेथे खाण सुरू झालीच नाही. तरीही या न झालेल्या खाणीने एका शहराला रस्त्यावर आणले, दिल्लीत एक निर्णय फिरवायला लावला आणि तिच्यावरून निघालेला पैशांचा वाद नंतर अनेक वर्षे चालला.

चंद्रपूर आणि कोळसा यांचे नाते दीडशे वर्षांचे. इंग्रजांनी वरोऱ्याला खाण काढली ती १८७० च्या दशकाच्या आरंभी. त्या कोळशासाठीच वर्धा ते वरोरा रेल्वे आली. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण तोवर बल्लारपूरकडे नवे काम सुरू झाले होते. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे वर्धा खोऱ्यातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘वेकोलि’, हिच्याकडे आल्या.

या राष्ट्रीयीकरणाला १९९३ मध्ये एक खिडकी ठेवण्यात आली. वीजनिर्मितीसाठी खासगी कंपनीला स्वतःपुरती खाण चालवता येईल, अशी दुरुस्ती कायद्यात झाली. लिलाव नव्हता. कंपनीने अर्ज करायचा आणि सरकारी समितीच्या शिफारशीवर कोळशाचा पट्टा मिळवायचा. याच वाटेने नोव्हेंबर २००७ मध्ये लोहारा वेस्ट आणि लोहारा एक्स्टेन्शन हे पट्टे अदानी पॉवरला मिळाले. कोळसा जाणार होता गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याच्या नियोजित औष्णिक केंद्राला.

त्या काळचा महाराष्ट्र आठवल्याशिवाय ही निकड कळत नाही. ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन ही नित्याची गोष्ट होती. मुले कंदिलाच्या उजेडात अभ्यास करीत आणि शेतकरी रात्री दोनला मोटार सुरू करायला उठत. विजेची मागणी हा खोटा बहाणा मुळीच नव्हता. लोहाऱ्याच्या विरोधकांना एखाद्या हौशी प्रकल्पाशी लढायचे नव्हते. समोर राज्याची खरी गरज उभी होती, आणि म्हणूनच हा प्रसंग अभ्यासण्याजोगा आहे.

आता तारखांकडे पाहावे. पट्ट्याचे वाटप झाले नोव्हेंबर २००७ मध्ये. ताडोबा-अंधारीचा गाभा क्षेत्राचा दर्जा अधिसूचित झाला डिसेंबर २००७ मध्ये. अवघ्या महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने एकाच जिल्ह्याच्या नकाशावर दोन वेगवेगळ्या हातांनी रेषा ओढल्या, आणि एका हाताला दुसऱ्याची खबर असल्याचे दिसत नाही.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील ते पहिलेच. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. लोहाऱ्याचे जंगल या सीमेच्या बाहेर होते. कंपनीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच होता, आणि कायद्याच्या अक्षरार्थाने तो चुकीचाही नव्हता.

वाघाला मात्र अधिसूचना वाचता येत नाही. वयात आलेला नर वाघ आईचा मुलूख सोडून स्वतःची जागा शोधू लागतो, आणि ६२५ चौरस किलोमीटरमध्ये अशा किती नरांची सोय होणार? बाहेरचे जंगल तुटले की आतले अभयारण्य बेटासारखे होते. पुढे तेथील वाघ आपसांत झुंजतात, गावात शिरतात किंवा पिढ्या उलटता उलटता दुबळे होतात.

ताडोबाच्या दक्षिणेकडील परिस्थिती तर आधीच कोंडीची होती. चंद्रपूरच्या उत्तरेस ऊर्जानगरचे महाऔष्णिक केंद्र उभे होते आणि त्याच्या आसपास दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी या वेकोलिच्या खुल्या खाणी. जेथे झाडे होती तेथे मातीचे कृत्रिम डोंगर उभे राहिले होते. लोहारा-जुनोन्याच्या बाजूचे जंगल तेवढे सलग उरले होते. नव्या खाणीसाठी त्यातीलच सुमारे १,७५० हेक्टर जमीन लागणार होती.

मे २००८ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला ‘संदर्भ अटी’ दिल्या. तरुण वाचकांनी ही पायरी नीट समजून घ्यावी, कारण सारी कथा तिच्यावरच फिरते. संदर्भ अटी म्हणजे परवानगी नव्हे. पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास कोणत्या मुद्द्यांवर करायचा, याची ती यादी असते. त्यानंतर अहवाल, जनसुनावणी, तज्ज्ञ समितीची छाननी आणि वनजमिनीसाठी १९८० च्या कायद्याखाली निराळी मंजुरी, एवढा पल्ला असतो. व्यवहारात मात्र पहिली पायरी चढलेला प्रकल्प सहसा शेवटपर्यंत पोहोचतो, कारण प्रत्येक पायरीवर खर्च झालेला पैसा हाच पुढच्या पायरीचा युक्तिवाद बनतो.

चंद्रपुरात विरोध पेटला तो २००९ मध्ये. निसर्गप्रेमी संस्था, प्राध्यापक, विद्यार्थी असे अनेक त्यात होते. ‘इको-प्रो’ या स्थानिक युवकांच्या संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि ते उपोषण चौदा दिवस चालले. प्रश्न वाघापुरता राहिला नाही, हे या आंदोलनाचे खरे बळ होते. राखेने काळवंडलेले अंगण आणि उन्हाळ्यात पेटल्यासारखी होणारी हवा चंद्रपूरकरांच्या परिचयाची होती. शहराच्या पूर्वेला उरलेली हिरवी भिंतही आता जाणार, ही भीती वाघ कधी न पाहिलेल्या माणसालाही कळत होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यामागोमाग चौथे नाव चंद्रपूरचे होते, गुण ८३.८८. जिल्हा जे सांगत होता त्यावर सरकारी मोहोर उमटली.

दिल्लीतही वारे बदलले होते. मे २००९ मध्ये जयराम रमेश यांच्याकडे पर्यावरण खाते आले होते. जानेवारी २०१० मध्ये मंत्रालयाने लोहाऱ्याला दिलेल्या संदर्भ अटी मागे घेतल्या. खाणीचा विषय तेथेच संपला. खणण्याची परवानगी नाकारली, असे येथे म्हणता येत नाही, कारण परवानगीपर्यंत प्रकरण पोहोचलेच नव्हते. अभ्यास करण्याची मुभाच काढून घेतली गेली.

त्याच वर्षी, २०१० मध्ये, ताडोबाभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र अधिसूचित झाले. प्रकल्पाची सीमा कोठे संपते, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलले. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या कोळसा वाटपाची सारी पद्धतच बेकायदा आणि मनमानी ठरवून २१८ पैकी २१४ वाटपे रद्द केली.

तिरोड्याचे काय झाले? ते केंद्र उभे राहिले. २०१२ ते २०१४ च्या दरम्यान ६६० मेगावॅटचे पाच संच सुरू झाले. एकूण क्षमता ३,३०० मेगावॅट. लोहाऱ्याच्या कोळशावाचून ते अडले नाही, पण कोळसा दुसरीकडून आणि महागात आणावा लागला. आणि येथे ही कथा जंगलातून निघून हिशेबाच्या वहीत शिरते.

कंपनीने महावितरणशी विजेचा दर ठरवला होता तो लोहाऱ्याचा स्वस्त कोळसा गृहीत धरून. खाण गेली, दर मात्र करारात बांधलेला राहिला. मग फरक कोणी सोसायचा? कंपनीचे म्हणणे असे की सरकारनेच दिले आणि सरकारनेच काढून घेतले. ग्राहकांच्या प्रतिनिधींचे म्हणणे असे की मंजुऱ्या मिळण्याआधी कमी दराची बोली लावणे हा धंद्यातील धोका होता आणि तो बोली लावणाऱ्याचाच. राज्य वीज नियामक आयोगाने २०१३ मध्ये लोहाऱ्यावर विसंबलेल्या ८०० मेगावॅटसाठी वाढीव इंधनखर्चाच्या भरपाईचे तत्त्व मान्य केले आणि त्यावरून आयोग व अपिली न्यायाधिकरण यांच्यासमोर दीर्घकाळ लढाई चालली. जंगल वाचवल्याबद्दल चंद्रपूरच्या आंदोलकांचे कौतुक झाले ते योग्यच. त्या निर्णयाची किंमत मात्र वीजबिलाच्या वाटेने कोणाच्या घरी पोहोचते, ही चर्चा वकिलांच्या दालनाबाहेर फारशी आलीच नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोळशाची मागणीही संपली नाही. २०२० मध्ये केंद्राने खासगी खाणकामासाठी काढलेल्या लिलावाच्या यादीत ताडोबालगतच्या वाघांच्या भ्रमणमार्गातील बंदर हा पट्टा पुन्हा दिसला. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी हरकत घेतली आणि त्या फेरीतून तो वगळण्यात आला. इको-प्रोचे कार्यकर्ते एव्हाना दुसऱ्याच कामात रमले होते. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या तटबंदीवर माजलेली झाडे-झुडपे ते रोज पहाटे काढत होते.

लोहाऱ्याजवळच्या जुनोन्याला आता व्याघ्रसफारीचे प्रवेशद्वार आहे. पहाटे पर्यटकांच्या जिप्सी तेथून आत जातात.