यादी आणि मैदान

कस्तुरबानगरात वर्षानुवर्षे दहशत माजवणाऱ्या अक्कू यादवला १३ ऑगस्ट २००४ रोजी जमावाने नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत ठार केले. या घटनेची चर्चा करताना पोलीस, न्यायालये आणि वस्तीचा संताप हे विषय पुढे येतात, आणि ते यायलाच हवेत. आम्हांला मात्र त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हा मनुष्य पंधरा वर्षांचा असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष होते काय? हिंसेच्या वाटेवर उभे असलेले मूल ओळखावे कसे, आणि ओळखल्यावर त्याचे करावे काय?

राज्यसंस्थेने याचे पहिले उत्तर दिले ते यादीचे. १८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ साली देशभर पसरला. त्याने अख्ख्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या. त्यांची नोंदणी, हजेरी आणि बोटांचे ठसे सुरू झाले. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची मुभा दिली. हेतू सुधारण्याचा सांगितला गेला, पण मुलाच्या वाट्याला शिक्काच आला. १९५२ साली कायदा गेला; पारध्यांच्या पालावर पोलिसांची गाडी मात्र अजूनही आधी पोहोचते.

दुसरे उत्तर सुधारगृहाचे. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताने १९२८ साली बालकांचा आणि बोर्स्टलचा असे दोन कायदे केले. नरसिंहपूरला बोर्स्टल संस्था चालली. किशोरांना सराईत कैद्यांपासून दूर ठेवून काम शिकवावे, हा विचार निश्चितच पुढचा होता. परंतु बोर्स्टलचे दार गुन्हा झाल्यावरच उघडत असे.

तिसरे उत्तर नागपुरात एका क्रीडाशिक्षकाला सापडले. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयाचे विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतील मुलांना फुटक्या प्लास्टिकच्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिले आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्याचीच पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था झाली. मुलाच्या नावावर काय आहे, हे येथे विचारले जात नव्हते. हाणामाऱ्यांत गुरफटलेला अखिलेश पॉल या मैदानावर आला आणि २०१० साली रिओ येथील बेघरांच्या विश्वचषकात भारतीय संघाचा कर्णधार झाला. आपली ही कहाणी त्याने पुढे दूरचित्रवाणीवर स्वतः सांगितली. २०२२ सालच्या 'झुंड'मुळे बारसे यांचे काम घरोघरी पोहोचले.

आम्हांला यात चेंडूहून मोलाची वाटते ती ओळखण्याची रीत. यादी मुलाच्या जातीवरून किंवा पूर्वेतिहासावरून त्याचे भविष्य ठरवते. मैदानावरचा प्रशिक्षक त्याला रोज पाहतो; कोण चार दिवस आला नाही, कोणाच्या अंगावर वळ आहेत, कोण अचानक पैसे उधळू लागला, हे त्याला कळते आणि तो घरी जाऊन चौकशी करू शकतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मुलाला नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व मानले. मात्र त्याच कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर, गुन्हा अघोर असल्यास, प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाटही मोकळी केली. म्हणजे यादी आणि मैदान यांच्यातील वाद अद्याप मिटलेला नाही.

मैदानाने सारे सुटते असे आमचे म्हणणे नाही. खेळून परतलेल्या मुलाला शाळा हवी, पुढे रोजगारही हवा. तरीही वस्तीतल्या मोकळ्या जागेवर इमारत उभी राहते, तेव्हा मुलांवर लक्ष असणारी एक जागा नाहीशी होते, याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही.