मोलिएर आणि आपला फाल्गुनराव

'संगीत संशयकल्लोळ' पाहताना तुम्ही फाल्गुनरावाला हसला असाल. त्याचा मूळ पुरुष फ्रेंच आहे.

मोलिएरने (१६२२–१६७३) वडिलांचा दरबारी गाद्या-पडद्यांचा धंदा सोडून नाटकमंडळी काढली, कर्जापायी कैद भोगली, मग तेरा वर्षे गावोगाव खेळ केले. तो स्वतः नट. म्हणून त्याचा विनोद कोट्यांपेक्षा प्रसंगांत अधिक सापडतो. १६६० च्या 'स्गानारेल'मध्ये बायकोच्या हाती परपुरुषाची तसबीर पाहून बिथरणारा नवरा त्यानेच रंगवला. 'काल्पनिक रोगी'च्या प्रयोगात तो खरोखरच आजारी होता. त्याच रात्री वारला. चर्चने नटाला दफन नाकारले. राजाने शब्द टाकल्यावर ते रात्री उरकले.

ती तसबीर मात्र आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून गोविंद बल्लाळ देवलांकडे आली. देवलही नट आणि तालीममास्तर. १८९३ मध्ये त्यांनी गद्य 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिले. त्यालाच पदे जोडून १९१६ मध्ये 'संशयकल्लोळ' झाले.