निघण्याआधीची सोबत

क्रूझला, म्हणजे समुद्रावरच्या सहलीला जाणाऱ्या मंडळींची एक रीत मला फार आवडते. तिकीट हाती पडले की जहाज सुटायच्या महिना-दोन महिने आधीच ही माणसे फोनवर एकमेकांना शोधून काढतात. त्याच तारखेला, त्याच जहाजाने आणखी कोण निघाले आहे? कुणाबरोबर लहान मुले आहेत? शाकाहारी कोण? किनाऱ्यावर उतरल्यावर गाडी कुणाबरोबर वाटून घेता येईल? हे सगळे घरबसल्या ठरते, आणि जहाजाच्या शिडीवर पाय ठेवताना निम्मे चेहरे ओळखीचे झालेले असतात. नव्या जमान्याची नवी सोय, असे लोक म्हणतात.

मी राहणारा नांदगाव पेठेचा. समुद्र आमच्यापासून सहाशे-सातशे किलोमीटर लांब. तरीही मला ही रीत मुळीच नवी वाटत नाही. साधन नवे आहे, एवढेच. लांबच्या वाटेला लागण्याआधी सोबत शोधायची, ती पारखून घ्यायची आणि मगच उंबरा ओलांडायचा, ही आपल्याकडची फार जुनी चाल. एके काळी तर त्या पारखण्यावर जीव अवलंबून असे.

आमचे गाव अमरावती-नागपूर रस्त्यावरचे. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे, टोलनाका आहे, आणि रात्रंदिवस मालमोटारी धावतात. आगगाडी येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. अंतर सुमारे पाचशे मैल. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. आकडा ऐकीव असेल, फुगवलेलाही असेल; पण वाहतूक किती दांडगी होती हे त्यावरून कळते. आणि धोका किती होता, ते अमरावतीचा परकोट पाहिला की कळते. पेंढाऱ्यांच्या भीतीने सावकार-व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी १८०७ च्या सुमारास निजामाच्या राजवटीत ती भिंत उभी राहू लागली.

गावाला परकोट घालता येतो, रस्त्याला घालता येत नाही. म्हणून एकटादुकटा वाटसरू तांड्याच्या मागे लागे. कुणी व्यापाऱ्याच्या गाड्यांबरोबर निघे, कुणी सुट्टीवर घरी जाणाऱ्या शिपायांच्या सोबतीने. चार दिवस थांबावे लागले तरी चालेल, पण एकट्याने निघायचे नाही, हा शहाणपणा झाला.

पण ह्या शहाणपणाचाच फास करणारे लोकही होते. ते म्हणजे ठग. ठगांची रीत साधी होती. ते वाटसरूवर झडप घालत नसत, त्याच्याशी ओळख काढत. सराईत किंवा गावाबाहेरच्या आमराईत दोघे-तिघे सभ्य पोशाखातले गृहस्थ भेटायचे. पुढचा रस्ता वाईट आहे, आपण सारे एकाच दिशेचे, तेव्हा बरोबरच जाऊ, असे गोड बोलायचे. वाटसरूला हायसे वाटायचे. कधी एक मुक्काम, कधी कित्येक दिवस असा एकत्र प्रवास व्हायचा. मग ठरल्या जागी रुमालाने गळा आवळला जायचा. स्लीमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या सांकेतिक बोलीतले शब्द गोळा करून १८३६ साली छापले. त्यात वाटसरूला बोलण्यात गुंतवून आणणाऱ्या माणसासाठी ‘सोथा’ असा खास शब्द आहे. टोळीत ह्या सोथ्याचा मान मोठा. ताकदीचे काम दुसरे कुणीही करील; विश्वास बसेल असे बोलणे सगळ्यांना थोडेच जमते!

ठगांविषयी इंग्रजांनी जे लिहिले ते सगळेच खरे मानू नये, असे आजचे काही इतिहासकार सांगतात, आणि मलाही ते पटते. दरोडेखोरांच्या निरनिराळ्या टोळ्यांना एकाच धर्मवेड्या पंथाचे रूप देण्यात राज्यकर्त्यांची सोय होती. मेडोज टेलरची १८३९ सालची कादंबरी तर विलायतेत खूप गाजली. तिच्यातली टोळी नागपूरहून अमरावतीकडे येते, म्हणजे आमच्याच मुलखातून. कादंबरी ती कादंबरीच. पण सोबतीच्या नावाखाली वाटसरू मारले जात होते, ह्यात शंका नाही.

मग अनोळखी माणसाची पारख करायची कशी? तर मध्ये कुणी तरी ओळखीचा हवा. पाटलाने सांगितलेला माणूस, सावकाराची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस, तीर्थाच्या उपाध्यायाने धाडलेला माणूस. दोघांनाही ओळखणारा तिसरा असला म्हणजे ती सोबत खरी. ठग नेमका हा तिसरा गाळत आणि त्याची जागा गोड बोलण्याने भरत.

पंढरीच्या वारीत हा तिसरा फार पक्का आहे. आमच्याच रस्त्याने पुढे तिवसा लागते, आणि त्या तालुक्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर. रुक्मिणीचे माहेर. तिथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगतात. दिंडीत नाव घालायचे म्हणजे दिंडीचालकाला तुमची, नाही तर तुमच्या गावच्या कुणा माळकऱ्याची माहिती हवी. भिशीचे पैसे आधी जमा. रांगेत आपली जागा कुठे, सामान कोणत्या गाडीत, म्हातारीला रात्री उठावे लागले तर शेजारी कोण, हे सगळे निघण्याआधी ठरलेले. एवढ्या लांबच्या पायी वाटेला पोरक्यासारखे कुणी निघत नाही.

काशीची वाट ह्याहून अवघड. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते चुलत्यांच्या सोबतीने, आणि सापडले बंडाच्या वणव्यात. अनेकदा लुटले गेले, तरी काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. तो वाचताना मला राहून राहून वाटते, की घरचा माणूस बरोबर नसता तर हा ग्रंथ लिहायला कुणी उरलेच नसते.

१८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि रस्त्याचे भय ओसरले. आता नवी वाट होती ती समुद्राची. तिथे भय चोराचे नव्हते. जातीचे, जेवणाचे आणि एकटेपणाचे होते. ह्या बाबतीत आनंदीबाई जोशी ह्यांची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्या पहिल्या डॉक्टर, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्या निघाल्या कशा, हे मात्र आपण फारसे सांगत नाही.

गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. बायकोला शिकवायचे आहे, मदत करा, असा मजकूर. उत्तर आले ते धर्मांतराच्या उपदेशाचे, आणि ते पत्र तिकडच्या मिशनच्या मासिकात छापून आले. तिथेच सगळे संपायचे. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांच्या हाती तो जुना अंक आला. त्यांनी थेट पत्र धाडले. पुढे तीन वर्षे दोघींची पत्रे चालू होती. त्यांतून सणवार, संसार, आजार, देवधर्म, बायकांचे लहान वयात होणारे लग्न, सगळे बोलून झाले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एकमेकींचे तोंड न पाहता!

जायचे ठरले तेव्हा नवरा बरोबर नाही, ह्यावर गदारोळ उठला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात ह्या मुलीने इंग्रजीतून जाहीर भाषण केले. लोक विचारत असलेले सहा प्रश्न घेऊन त्यांना तिने एकेक उत्तर दिले. त्यांतला एक प्रश्न असा, की तू एकटी का जातेस? तिने सांगितले, की दोघांनीच जायचे ठरले होते, पण नवऱ्यामागे म्हातारे आईवडील आहेत, धाकटी भावंडे आहेत. चारचौघांत घरची अडचण एवढ्या सरळपणे सांगायला धैर्य लागते. वय तर अठराही पूर्ण नव्हते.

एकटी म्हटले, तरी सोबत शोधली होतीच. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाज सुटले तेव्हा मिशनशी संबंधित गोऱ्या बायकांबरोबर त्यांना धाडले गेले. ओळखीपाळखीतून, रीतसर. मध्ये तिसरा माणूस होता, चिठ्ठ्या होत्या, सगळे होते. पण ह्या सोबतीत आनंदीबाईंना फारसा जिव्हाळा मिळाला नाही, असे त्यांची चरित्रे वाचून दिसते. एकाच जहाजावर असूनही त्या बायका परक्याच राहिल्या. आणि ४ जूनला न्यूयॉर्कला ज्या बाई धक्क्यावर उभ्या होत्या, त्या कधीच न पाहिलेल्या, तरी घरच्या. आनंदीबाई त्यांच्या घरी लेकीसारख्या राहिल्या. १८८७ साली त्या पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी अमेरिकेत पकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत पुरल्या गेल्या.

पुढे विलायतेच्या वाऱ्या वाढल्या. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९१८ मध्ये टिळक, केळकर, करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल ह्यांच्याबरोबर इंग्लंडला निघाले होते. सोबत ह्याहून पारखलेली कुठली असणार? पण सरकारने परवाने रद्द केले आणि सगळी मंडळी कोलंबोहून परत आली.

जहाजाच्या सोबतीची सर्वांत मोठी शिस्त मात्र हजच्या प्रवासात दिसते, आणि मराठीत तिच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. अचलपूर, बाळापूर, अकोला, अमरावती इथले यात्रेकरू आगगाडीने मुंबईला उतरायचे. बोरीबंदरजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम पडायचा. जहाजाला अवकाश असे. कागदपत्रे, लस टोचणे, पैसे बदलून घेणे ह्यांत दिवस जायचे. हे दिवस वाया जात नसत. आपल्या जिल्ह्याचे कोण, आपल्यासारखे वऱ्हाडी हेल काढून बोलणारे कोण, शिजवणार कोण, आधी एकदा हज करून आलेले वडीलधारे कोण, ह्याचा शोध तिथे लागायचा. पुढे आठवडाभराचा समुद्र, मग जेद्दा, मग अफाट गर्दी. तिथे हरवलेल्या माणसाला शोधायला येणारे कोण, हे मुंबईतच ठरून जायचे. बरेच जण आयुष्याच्या अखेरीस निघत. तिकडेच डोळे मिटले तर घरी निरोप कोण नेईल, हेही बोलून ठेवत.

‘अकबरी’ ह्या जहाजाचे नाव जुन्या हाजींच्या तोंडी अजून येते. १९९५ नंतर मुंबईहून हजची जहाजे बंद झाली. विमाने आली, आणि पुढे ती नागपूरहूनही सुटू लागली. आठवड्याचे काही तास झाले. मुसाफिरखान्यातली ती वाट पाहणी संपली आणि तिच्याबरोबर सावकाश जुळणारी ओळखही संपली. पण हज कमिटीच्या अर्जाला ‘कव्हर’ म्हणतात, आणि एका कव्हरमध्ये पाचांपर्यंत नावे घालता येतात. ह्या पाचांचा नंबर एकत्र लागतो किंवा एकत्र हुकतो. मुक्कामही बरोबर. म्हणजे सोबत आधी, अर्ज नंतर. निघण्यापूर्वी गावोगाव प्रशिक्षण शिबिरे भरतात. इहराम कसा बांधायचा, सामान किती न्यायचे हे तिथे शिकवतात. आणि मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात धरून माणसे एकमेकांना विचारत फिरतात, तुमचे कव्हर कुठले, विमान कोणत्या तारखेचे, आणि भाऊ, तुमच्याबरोबर घरचे कोण कोण आहे?