भंगारातलं विमान

तुमच्या ओळखीत एक तरी असा माणूस असेलच, ज्याने कुठून तरी गंजलेली राजदूत किंवा येझदी उचलून आणली आणि घरच्यांची बोलणी खात दोन वर्षं तिच्यामागे घालवली. आजची गोष्ट अशाच माणसांची आहे. फक्त त्यांनी घरी आणलं ते पडलेलं, मोडलेलं विमान.

सुरुवात करूया २५ जुलै १९०९ पासून. त्या पहाटे लुई ब्लेरियो हा फ्रेंच माणूस कॅलेजवळून उडाला आणि साधारण ३७ मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला उतरला. उतरला कसला, आपटलाच! चाकांचा सांगाडा मोडला, पंखा तुटला. पण विमानाने समुद्र ओलांडला होता. ते मोडकं विमान लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात ठेवलं, बघायला गर्दी उसळली आणि ब्लेरियोकडे ऑर्डरींची रांग लागली.

हे 'ब्लेरियो ११' होतं तरी केवढं? लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि सगळं धरून ठेवणाऱ्या तारा. तीन सिलिंडरचं, २५ हॉर्सपॉवरचं अँझानी इंजिन. रिकामं वजन सुमारे २३० किलो. म्हणजे ताकद आणि वजन, दोन्ही बाबतींत आजच्या बुलेटच्या थोडंच पुढे. आपण आज ज्याला अल्ट्रालाइट म्हणतो, त्याचं हे पणजोबाच समजा.

त्याच कारखान्यात १९०९ मध्ये १४ नंबरचं विमान बनलं. त्याच्या नशिबी असा काही पराक्रम नव्हता. १९१० मध्ये ते लंडनजवळ हेंडनला, ब्लेरियोच्या उड्डाणशाळेत होतं. शिकाऊ मुलांच्या हाती गाडी दिली की तिचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. १९१२ मध्ये ते पडलं. तोवर विमानं इतकी सुधारली होती, की तीन वर्षांचं मॉडेल दुरुस्त करायला कोण वेळ घालवणार? ते ब्लॅकफ्रायर्सच्या रेल्वे पुलाखाली टाकून दिलं.

तिथून ते ए. ई. ग्रिमर नावाच्या माणसाने घेतलं, दुरुस्त केलं आणि उडवलंसुद्धा! पुढे १९३५ मध्ये ते रिचर्ड शटलवर्थकडे आलं. हा शटलवर्थ जन्मला १६ जुलै १९०९ ला, म्हणजे ब्लेरियोच्या उड्डाणाच्या फक्त नऊ दिवस आधी. त्याला जुन्या गाड्यांचं आणि विमानांचं वेड होतं, आणि त्या चालत्या, उडत्या ठेवायचा हट्टही.

तिकडे अमेरिकेत ५६ नंबरच्या ब्लेरियोची कहाणी जवळजवळ अशीच. १९१० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सॉगसला ते पडलं आणि पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या लॅकोनिया गावच्या भंगारात सापडलं. १९५० च्या दशकात कोल पेलनने ते पुन्हा उभं केलं. हा तोच पेलन, ज्याने १९५१ मध्ये आयुष्यभराची पुंजी ओतून पहिल्या महायुद्धाच्या काळातली सहा विमानं विकत घेतली होती.

आता खरी गोम ऐका. मोडक्या विमानात दिसतं त्यापेक्षा लपलेलं जास्त असतं. फाटलेलं कापड दिसतं, पण ते बदलणं त्यातल्या त्यात सोपं. पंखाच्या मुख्य लाकडी दांड्याला गेलेली बारीक चीर किंवा सांध्यातला सुटलेला डिंक कापडाखाली दडून बसतो. म्हणून आधी सगळं उघडायचं, प्रत्येक तुकडा तपासायचा, जो भरवशाचा नाही तो नवा करायचा. इथेच पेच पडतो. जुनं लाकूड ठेवलं तर जीव धोक्यात, सगळंच बदललं तर 'जुनं' विमान उरलं कुठे? दरवेळी हा निर्णय दुरुस्त करणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

शटलवर्थ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होता. २ ऑगस्ट १९४० ला सरावाच्या उड्डाणात त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. वय अवघं ३१. १९४४ मध्ये त्याच्या आईने, डोरोथीने, त्याच्या आठवणीसाठी ट्रस्ट काढला. बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनला त्याचा संग्रह आजही आहे.

खाडी ओलांडणारं ते जगप्रसिद्ध विमान आज पॅरिसच्या संग्रहालयात छताला टांगलंय. ते पुन्हा उडणार नाही. आणि पुलाखाली फेकलेलं १४ नंबरचं? उडण्याजोग्या अवस्थेतलं जगातलं सर्वांत जुनं विमान म्हणून ते ओळखलं जातं. वारा पडलेल्या संध्याकाळी ते जमिनीपासून थोडंसंच उचलतात, सरळ रेषेत नेतात आणि खाली उतरवतात. वळवतसुद्धा नाहीत. एवढ्या खटपटीनंतर मिळालेलं विमान त्याच्या बेताबेतानेच उडवायचं, हे त्यांना नीट कळलंय.

तेव्हा कुणी तुम्हाला पडलेलं अल्ट्रालाइट स्वस्तात दाखवलं, तर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, कापड काढून आत बघू द्याल का? 'नाही' म्हणाला, तर नमस्कार करा आणि निघा.

भेटू पुढच्या भागात!