कॉर्सिकातील सायकलस्वारी

कॉर्सिका हे भूमध्य समुद्रातील फ्रान्सचे डोंगराळ व वनाच्छादित बेट रस्त्यावरील सायकलस्वारीसाठी प्रसिद्ध आहे. मोंते चिंतो (२,७०६ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर. सलग सपाट रस्ता पूर्व किनाऱ्यावरच काय तो आढळतो.

व्हेर्जियो खिंडीचा घाट पश्चिमेकडील पोर्तो गावाजवळ, थेट समुद्रसपाटीपासून सुरू होऊन सुमारे १,४७७ मीटरपर्यंत चढतो. वाटेत आधी चेस्टनटची झाडे, मग आइतोने अरण्यातील उंच लारिसियो पाइन लागतात. रस्त्यावर डुकरे व गायी मोकाट फिरतात. त्यामुळे उतारावर वेग आवरावा लागतो.

पोर्तोच्या दक्षिणेस पियानाजवळ तांबड्या ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून जाणारा रस्ता अतिशय अरुंद आहे. फ्रान्समध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते. साहजिकच, बेटाला घड्याळाच्या उलट दिशेने फेरी घालणारा स्वार समुद्राच्या बाजूने जातो. दृश्य मोकळे मिळते. मात्र समोरून पर्यटकांची बस आल्यास कड्याकडे सरकण्यास जागा उरत नाही. उलट दिशेने जाणाऱ्यास डोंगराचा आधार असतो.

१९०३ मध्ये सुरू झालेली तूर दे फ्रान्स शर्यत कॉर्सिकात प्रथम आली ती २०१३ मध्ये, शंभराव्या आवृत्तीच्या वेळी. पोर्तो-व्हेक्कियो ते बास्तिया, बास्तिया ते आजाक्सियो आणि आजाक्सियो ते काल्व्ही असे पहिले तीन टप्पे येथे झाले. ते अनुक्रमे मार्सेल किटेल, यान बाकेलांट्स व सायमन गेरान्स यांनी जिंकले.