हाताने घडवलेले रेझिनचे फाउंटन पेन : घडण आणि पॉलिश

बेळगावकरांना लेथचे नवल नाही. उद्यमबागेतले टर्नर आपल्या ओळखीतले, कुणाच्या तरी घरातलेच. ज्या जातीच्या यंत्रावर पंपाचा शाफ्ट उतरतो, त्याच जातीच्या लहान लेथवर पेनही उतरते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ही माहिती.

आपल्याकडे हाताने घडवलेल्या पेनांची परंपरा मुख्यतः एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून तापवलेल्या कडक रबराची. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने पेने घडवली आणि १९३५ साली गांधीजींनी पत्र लिहून त्यांच्या पेनाची पोच दिली. आज एबोनाइटसोबत रेझिनही वापरतात. अॅक्रिलिकचे दांडे तयार मिळतात. काहीजण पॉलिएस्टर किंवा युरेथेन रंगांसह साच्यात ओततात. ओतीव रेझिन दाबाच्या भांड्यात ठेवावे लागते, नाहीतर आतले बुडबुडे नेमके आट्यांच्या जागी उघडे पडतात.

दांड्याचे दोन तुकडे करायचे, एक नळीसाठी आणि एक टोपणासाठी. निब बसते तो पकडीचा भाग वेगळा. तोंडे सपाट करून भोक पाडायला घ्यायचे. इथेच सर्वाधिक माल वाया जातो. रेझिन उष्णता वाहून नेत नाही आणि अॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सियसला मऊ पडते. दोन-तीन मिलिमीटर आत जायचे, ड्रिल बाहेर काढायचे, कीस झाडायचा, साबणाचे पाणी द्यायचे, पुन्हा आत. लोखंडाची सवय असलेला हात इथे हमखास घाई करतो. मग कीस वितळून ड्रिलला चिकटतो, भोक मोठे होते किंवा दांडा तडकतो.

आट्यांत पेनाचा जीव असतो. जोवो कंपनीच्या ६ नंबर निबच्या हाउसिंगला ७.४ मिमी व्यासाचा, ०.५ पिचचा टॅप लागतो. टोपणासाठी बरेच कारागीर १३ मिमीचा, ०.८ पिचचा तीन तोंडांचा टॅप आणि जोडीची डाय वापरतात. तीन आटे एकदम सुरू होत असल्याने एका फेऱ्यात टोपण २.४ मिमी सरकते आणि एक-दीड फेऱ्यात उघडते. एकेरी आट्याचे टोपण फिरवता फिरवता लिहायचे काय ते विसरायला होते!

बाहेरचा आकार झाला की पॉलिश. वॉटर पेपर ४०० नंबरपासून ६००, ८००, १०००, १५०० असा २००० पर्यंत, पाण्यासोबत. प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने हात मारायचा, म्हणजे गोल ओरखडे निघतात. मग तुकडा आणि हात दोन्ही धुवायचे. आधीच्या कागदाचा एक कण राहिला तरी शेवटी चकाकीत तोच ओरखडा दिसतो आणि दोन पायऱ्या मागे यावे लागते. शेवटी सुती बफावर पॉलिशची पेस्ट, हलक्या दाबाने. इथेही उष्णतेचे भान हवे. कोरडे घासू नये. धूळ बारीक असते, मास्क लावावा.

आमचे पहिले पेन हिरव्या, अर्धपारदर्शक अॅक्रिलिकचे. बाहेरून काचेसारखे झाले, पण टोपण धुरकट. कारण आतून ड्रिलच्या कड्या तशाच होत्या. काडीला कागद गुंडाळून आतूनही सगळे नंबर फिरवले, तेव्हा रंग खुलला. नंतर ते कुणीतरी स्पिरिटने पुसले आणि आट्यांपाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या. अॅक्रिलिकला स्पिरिट लावूच नये, कोमट पाणी पुरे.

शाई भरण्याआधी नळीत नुसते पाणी भरून, पकडीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावून पेन रात्रभर निब खाली करून टिश्यूवर उभे ठेवावे. सकाळी आट्यांपाशी ओल दिसली तर काम अपुरे.

हे कौशल्य आपल्या गावात टिकावे असे आम्हांला वाटते, त्याचे एक कारण घरगुती आहे. आजोबांच्या पेनाचे टोपण फुटले की पेन कपाटात जाते, कारण सुटा भाग मिळत नाही. आटे नीट मोजणारा टर्नर नवे टोपण करून देऊ शकतो. त्यासाठी फुटके तुकडे जपून ठेवा आणि पेनासोबत न्या. जुना आटा पुष्कळदा त्यांच्यावरूनच कळतो.